निष्काम कोणी व्हायचे?

वडोदऱ्यातल्या सुभानपुऱ्यासारख्या वस्तीत एखादी लहान सॉफ्टवेअर कंपनी नवे काम हाती घेते, तेव्हा तिने स्वतः लिहिलेला कोड थोडाच असतो. बाकीचा भार ओपन सोर्स पॅकेजेस वाहतात. ती घेण्यापूर्वी जाणता प्रोग्रामर नाडी बघतो: शेवटचा कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) कधीचा, मेन्टेनर (देखभाल करणारे) किती, तक्रारींना उत्तर मिळते का.

एक्सझेड युटिल्सच्या बाबतीत हीच नाडी फसवी निघाली. बहुतेक लिनक्स यंत्रणांत असलेले हे फाइली आवळण्याचे साधन लासे कॉलिन वर्षानुवर्षे जवळपास एकट्याने, पगाराविना सांभाळत होते. 2022 मध्ये ‘कामे रेंगाळतात’ म्हणून त्यांच्यामागे तगादा लागला. मनाची प्रकृती बरी नाही, हे त्यांनी जाहीर लिहिले होते. ‘जिया टॅन’ नावाने वावरणारे कुणीतरी आधीपासूनच मदत करत होते, ते विश्वास कमावून सहमेन्टेनर झाले. कमिट येऊ लागले, एकाचे दोन मेन्टेनर झाले. कागदावर प्रकल्पाची तब्येत सुधारली होती, आणि 2024 च्या आरंभी त्यात चोरवाट बसवली गेली ती याच मदतनिसाच्या हातून. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खोदत बसलेल्या आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे ती मार्चअखेर सापडली.

नाडी मेन्टेनरची बघायची, तगादाही त्यालाच लावायचा. वापरणाऱ्याच्या कर्तव्याचे काय? इथे निष्काम कर्माचा दाखला हमखास येतो: त्याने फळाची आशा न धरता दिले, आपण घेतले. ही पळवाट आहे. फलत्याग करणाऱ्याने स्वतःहून करायचा असतो, घेणाऱ्याने तो दुसऱ्यावर लादायचा नसतो. परत काही न देता भोगणाऱ्याला गीतेचा तिसरा अध्याय सरळ चोर म्हणतो.

वडोदऱ्यात शिकलेल्या आणि 1916 मध्ये परीक्षेला निघून वाटेतच काशीची गाडी धरणाऱ्या विनोबांनी हा मुद्दा अधिक नेमका केला. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगातल्या गीता प्रवचनांत त्यांनी यज्ञाचा अर्थ लावला तो वापराने होणारी झीज भरून काढणे असा. दान म्हणजे समाजाचे ऋण फेडणे, उपकार नव्हे. सॉफ्टवेअरची झीज डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. परवान्यात पैसे मागितलेले नसतात हे खरे, पण परवाना कायदा सांगतो, ऋण नाही.

अशी फेड अशक्य नाही. शेअर दलाली करणाऱ्या झेरोधा कंपनीने 2024 मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला. लहान कंपनीला तेवढे झेपणार नाही. तिने आपल्या पॅकेजेसच्या यादीतले एक नाव निवडावे आणि त्याच्या मेन्टेनरला या महिन्यात थोडे पैसे, एखादी दुरुस्ती किंवा नीट लिहिलेली चाचणी पाठवावी.