भागीदार आणि जोडीदार

23 जुलै 2012 रोजी सॅली राइड यांचे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा त्यांच्याच संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मृत्युलेखात टॅम ओ'शॉनेसी यांचा उल्लेख 27 वर्षांच्या 'पार्टनर' असा होता, आणि 1983 मध्ये चॅलेंजर यानातून अंतराळात गेलेल्या या पहिल्या अमेरिकन स्त्रीचे सहजीवन जगाला त्या एका शब्दातून कळले. हा शब्द मराठीत आणताना निवड करावी लागते, कारण धंद्यातला तो भागीदार आणि संसारातला तो जोडीदार. ओ'शॉनेसी दोन्ही होत्या. मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके दोघींनी मिळून लिहिली, आणि 2001 मध्ये विशेषतः मुलींना विज्ञानाची गोडी लावण्यासाठी निघालेल्या 'सॅली राइड सायन्स'च्या संस्थापकांतही दोघी होत्या.

अमेरिकेच्या संघीय कायद्याला यांतली भागीदार मान्य होती, जोडीदार नव्हे. 1996 च्या 'डिफेन्स ऑफ मॅरेज' कायद्याने संघीय कारभारापुरती विवाहाची व्याख्या एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यापुरती बांधून टाकली होती; त्यामुळे एखाद्या राज्यात दोन स्त्रियांचे रीतसर लग्न लागले, तरी मागे राहिलेलीला संघीय निवृत्तिवेतनातला वारसाचा वाटा किंवा वारसाकरातील पती-पत्नीची सूट मिळत नसे. ईडिथ विंडसर यांना पत्नीच्या मृत्यूनंतर असा 3,63,053 डॉलर कर भरावा लागला, आणि त्यांच्याच दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 26 जून 2013 रोजी ही व्याख्या घटनाबाह्य ठरवली.

राइड यांनी हयातीत हे नाते जाहीर का केले नाही, असा प्रश्न नंतर पुष्कळांनी केला. तो अगदीच गैरलागू नाही, परंतु उड्डाणापूर्वी ज्या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीला 'काम बिनसले की रडू येते का' असे वार्ताहरांनी विचारले होते, तिने खासगी आयुष्याचे दार लावून घेतले तर त्याला भीती म्हणण्याची घाई करू नये. शिवाय मौनाचा हिशेब व्यक्तीकडे मागताना, बोलण्याची किंमत ठरवणारा कायदा नामानिराळा राहतो.

20 नोव्हेंबर 2013 रोजी राइड यांना मरणोत्तर दिलेले राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक ओ'शॉनेसी यांनी स्वीकारले. समलिंगी विवाहाचा हक्क देशभर मान्य व्हायला त्यानंतरही दीड वर्षाहून अधिक काळ गेला.