शिका. मग पुढं?

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' वस्तीत घराघरात हे भिंतीवर लावलेलं असतं. पण आपण पहिलाच शब्द वाचतो. पोरगं शिकतं, साहेब होतं, कॉलनीत ऱ्हायला जातं, आडनाव बदलतं. पाहुणे आले की आयला म्हणतं, तू आत बस. जिनं खुरपणीच्या पैशानं फी भरली, तिच्याच बोलीची आता लाज! आग्र्याला १९५६ साली बाबासाहेबांनी हीच खंत बोलून दाखवली : शिकलेल्यांनी दगा दिला. दोस्तहो, खरं आडनाव कळलं की भाड्यानं खोली मिळत नाही, हे कबूल. तो गुन्हा जातीचा. पण आयला आत बसवायला कुणी सांगितलं? घरातलंच माणूस तोडणारा संघटित कुणाशी होणार?