पाय कशावरून घसरला?

हैदराबादेत नामपल्लीच्या पब्लिक गार्डनला लागून तेलंगण विधानसभेची पांढरी, घुमटांची जुनी इमारत आहे. १ फेब्रुवारी २०२४ रोजी माजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव आमदारकीची शपथ घ्यायला तिथे आले, ते काठी टेकत. बहुतेक आमदारांच्या शपथा डिसेंबरातच उरकल्या होत्या. राव मात्र ७ डिसेंबर २०२३च्या रात्री एर्रवल्लीच्या फार्महाऊसवर न्हाणीघरात पडले. डाव्या खुब्याचं हाड मोडलं आणि दुसऱ्याच दिवशी खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा त्यांचं वय होतं ६९. साडेनऊ वर्षं राज्य चालवलेला माणूस, दिमतीला डॉक्टर, गाड्या, नोकरचाकर. न्हाणीघरात मात्र प्रत्येक जण एकटाच जातो.

त्याआधी ऑगस्ट २०२०मध्ये माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी दिल्लीत घरी पडले. मेंदूत रक्ताची गुठळी झाली, शस्त्रक्रिया झाली, त्याच वेळी कोविड असल्याचंही निघालं, आणि ३१ ऑगस्टला ते गेले.

मोठ्यांच्या पडण्याची बातमी होते. सामान्य घरातलं पडणं पुष्कळदा घरच्यांनाही कळत नाही. कोपराला खरचटलेलं दिसतं. सून विचारते, "आई, हे काय लागलं?" "काही नाही गं, दाराला घासलं." या थापेमागे साधा हिशेब असतो. पडले म्हणून सांगितलं की एकटीने देवळात जाणं बंद, गच्चीवर वाळवणं घालणं बंद, आणि वर "तुला सांगितलं होतं ना!" हे ऐकायचं. हाड मोडलं नसेल तर गप्प बसलेलंच बरं. आणि कळलं तरी घरातल्यांचं उत्तर तयार असतं: "वय झालं, तोल जायचाच." एवढं म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही. पाय कशावरून घसरला, कुठे, किती वाजता, काय करताना, हे प्रश्न निघतच नाहीत. आणि पुढचं पडणं टाळायचं तर याच प्रश्नांची उत्तरं हवी असतात.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये 'लासी' नावाची देशव्यापी पाहणी केली. तीत साठी उलटलेल्या सुमारे साडेबारा टक्के लोकांनी गेल्या दोन वर्षांत आपण पडल्याचं सांगितलं, म्हणजे आठांत एकाने. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज बराच वरचा आहे: पासष्टीपुढचे २८ ते ३५ टक्के लोक दर वर्षी एकदा तरी पडतात. आपल्याकडचे म्हातारे जगापेक्षा सावध असतील, पण 'सांगितलं' या शब्दाकडेही लक्ष द्यायला हवं. हैदराबादच्याच एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या पथकाने शहर-परिसरातल्या चाळीसएक वृद्धाश्रमांत जाऊन हजाराहून अधिक ज्येष्ठांचे डोळे तपासले आणि त्यांना पडण्याबद्दलही विचारलं. वर्षभरात पडलेले तीस टक्क्यांच्या आसपास निघाले. वृद्धाश्रमातली माणसं जास्त थकलेली असतात हे खरंच. पण तिथे विचारणारा परका होता, तो रागावणारही नव्हता आणि कुणाचं बाहेर जाणंही बंद करणार नव्हता.

त्याच तपासणीत दृष्टी अधू झालेलेही तीस टक्क्यांच्या घरात होते, आणि नीट न दिसणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण जास्त होतं. अधू दृष्टीचं पहिलं कारण मोतीबिंदू, त्याखालोखाल जुन्या नंबराचा किंवा मुळात नसलेला चष्मा. दोन्हींवर इलाज आहे, आणि दोन्ही वर्षानुवर्षं तशीच अंगावर काढली जातात. त्यात आणखी एक बारकावा. वाचायचा आणि लांबचा नंबर एकाच काचेत असला की जिना उतरताना नजर खालच्या भिंगातून जाते आणि पायरीची कड पुसट होते. शेवटची पायरी संपली असं वाटतं, पण ती अजून असते.

आता फरशीकडे वळू. नामपल्लीहून मुंबईला निघालेली हुसेनसागर एक्स्प्रेस तांडूर, वाडी, शहाबाद अशी जाते. एके काळी ही सगळी गावं निजामाच्या राज्यात होती आणि हैदराबादपासून मराठवाड्यापर्यंतच्या घरांची जमीन याच पट्ट्यातल्या दगडाने घडली. इसामिया बाजार, सुलतान बाजार, काचीगुडा इथल्या जुन्या मराठी घरांतली शहाबादी फरशी ज्यांनी पायाखाली अनुभवली आहे, त्यांना तिचा खरबरीतपणा आठवेल. पाणी पडलं की ती काळपट व्हायची, म्हणजे ओलं कुठे ते लांबून दिसायचं. जुन्याचे गोडवे गाण्याचं मात्र कारण नाही. त्याच घरांत वीतभर उंच उंबरे होते, अंधारे उभे जिने होते आणि मोरीच्या कोपऱ्यात शेवाळ होतं. पण फ्लॅटमध्ये आलेल्या चकचकीत टाइल्सनी एक नवा धोका आणला. यांत पाणी जिरत नाही. ते पातळ पापुद्र्यासारखं वर पसरतं, आणि फरशी आधीच चमकत असल्यामुळे ओली आणि कोरडी सारखीच दिसते.

या फरशीवर नरकचतुर्दशीची पहाट आणून पाहा. पहाटेचे साडेचार. झोप पुरती उतरलेली नाही. आजोबांच्या अंगाला तेल लावलंय, तळपायांनाही, कारण तळपायाला तेल लावलं की डोळे थंड राहतात असं त्यांची आई सांगायची. न्हाणीघरात बुटका लाकडी पाट, त्याचा एक पाय किंचित आखूड. उटणं, साबण, कढत पाणी. कढत पाण्याने अंगातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. इतक्या खालून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. हात आधार शोधतो आणि नेमका टॉवेलच्या दांडीवर जातो. ती दांडी दोन बारीक स्क्रूंवर टेकलेली असते. ओला टॉवेल पेलण्यासाठी ती बनवलेली आहे, साठ किलोंचा माणूस पेलण्यासाठी नाही. आणि दार आतून कडी लावलेलं, आतल्या बाजूला उघडणारं. माणूस दाराला अडून पडला तर बाहेरच्यांना ते ढकलताही येत नाही.

यातली एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिली तर सुधारता येते. तेल बाहेर खोलीत, खुर्चीवर बसवून लावावं आणि तळपाय पुसूनच आत न्यावं. पाटाऐवजी रबरी बुटांचं स्टूल ठेवावं, इतक्या उंचीचं की बसल्यावर गुडघे काटकोनात राहतील. दांडीच्या जागी भिंतीत खोल बोल्ट मारून बसवलेला पकडायचा रॉड हवा. एक कमोडजवळ आणि एक नळाजवळ, एवढे पुरतात. कडी काढून टाकून दारावर 'आत कुणी आहे' अशी पाटी अडकवावी. एकाची आंघोळ झाली की दुसऱ्याच्या आधी फरशी साबणाने धुवावी, कारण नुसतं पाणी ओतून तेल जात नाही. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मिणमिणता दिवा असावा. या वाटेवरच्या सतरंज्या आणि दुमडलेल्या कडांची पायपुसणी उचलून ठेवावीत. झिजून गुळगुळीत झालेली रबरी चप्पल, कितीही सवयीची असली तरी, बदलावी.

एवढ्याशा दुरुस्त्यांनी काय होणार, असं वाटणाऱ्यांसाठी न्यूझीलंडचं उदाहरण आहे. तिथल्या तारानाकी भागातल्या ८४२ घरांवर केलेला प्रयोग २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडून निम्म्या घरांत कठडे, रॉड, बाहेरचे दिवे, पायऱ्यांना खरखरीत पट्ट्या बसवल्या. उरलेल्या घरांना तीन वर्षं थांबायला सांगितलं. दुरुस्त झालेल्या घरांत पडून होणाऱ्या दुखापती २६ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यासाठी माणसं बदलली नव्हती, कुणाला सावधपणाचे उपदेशही केले नव्हते.

तरी सगळा दोष फरशीवर टाकून चालणार नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९८८ साली पंचाहत्तरीपुढच्या ३३६ जणांचा वर्षभर माग ठेवून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेच्या गोळ्या, पायांतली ताकद कमी होणं, पावलांचे विकार, तोल सावरण्यातली अडचण अशी कारणं त्यांनी मोजली. एकही कारण नसलेल्यांत पडण्याची शक्यता ८ टक्के होती, चार किंवा जास्त कारणं असलेल्यांत ७८ टक्के. एकावर एक कारण रचलं गेलं की माणूस पडतो. म्हणजे त्यांतलं एखादं जरी काढलं तरी शक्यता खाली येते. आणि सोपं काढता येण्यासारखं कारण बहुधा औषधांच्या डब्यात असतं. तीन डॉक्टरांनी तीन वेळा लिहिलेल्या गोळ्या एकाच पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ओतणं, ही वर्षातून एकदा करायची गोष्ट आहे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरं मोठं कारण म्हणजे पायांतली ताकद. इथे घरातलं प्रेमच आड येतं. आई एकदा पडली की तिला बसवून ठेवतात. पाण्याचा पेलाही हातात. मांड्यांचे स्नायू काही आठवड्यांतच उतरतात, पडण्याची भीती आत घर करते, भीतीने पावलं आखडतात, आणि आखडती पावलं आणखी अडखळतात. ज्यांना जपायचं त्यांनाच आपण असं कमजोर करतो, हे पाहून वाईट वाटतं.

पब्लिक गार्डनच्या झाडांखाली रोज सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत ज्येष्ठ पुष्कळ असतात. चालणं हृदयाला, साखरेला चांगलं. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असा भक्कम पुरावा नाही. २०१९ साली शंभराहून अधिक प्रयोगांचा आढावा घेतला गेला, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. मात्र तो व्यायाम मुख्यतः तोल सावरण्याचा आणि रोजच्या हालचालींचा होता. जोडीला ताकदीचा व्यायाम असेल तर फायदा आणखी वाढलेला दिसला. म्हणजे काय, तर बागेच्या बाकाची पाठ धरून एका पायावर उभं राहणं, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत चालणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. दोन फेऱ्या कमी मारून हे दहा मिनिटं केलं तर त्या सकाळचा जास्त उपयोग होईल. सुरुवात शेजारी कुणीतरी उभं असताना करावी.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर बगलेत हात घालून लगेच उचलायला धावू नये. जांघेत कळ येत असेल, एक पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेर वळलेलं दिसत असेल, तर खुबा मोडला असं धरून चालावं. तेल लावून चोळणं नको, घरोघर ऐकू येणारी हाडवैद्यांची 'पुत्तूरची पट्टी'ही नको. खुब्याच्या मोडीवर शक्यतो दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी, असं अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. अंथरुणात गेलेला प्रत्येक दिवस फुप्फुसांत कफ आणि पाठीला जखमा आणतो. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालय गाठावं.

दिवाळीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या गाड्या भरून येतात. फराळाचे डबे, नव्या साड्या घेऊन मुलं-सुना नामपल्लीला उतरतात. घरी पोचल्यावर, चहा झाल्यावर, हलक्या आवाजात विचारावं: "आई, या वर्षात कुठे पाय घसरला होता का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. कदाचित ती उठेल, न्हाणीघराच्या दाराशी नेईल, आणि ग्रॅनाइटच्या उंबऱ्यावर बोट ठेवेल. दीड इंच उंच, टाइलच्याच काळ्या रंगाचा, रात्री अजिबात न दिसणारा. तो काढून तिथे उतार करायला गवंड्याला अर्धा दिवस लागतो.