खालून वर

लालबागच्या एका चाळीत आबा राहत. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे ते खजिनदार, आणि वर्गणीची वही चाळीसहून अधिक वर्षं त्यांच्याच हातची. तरुणपणी ते गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहीत, तिथली शिस्त वहीत उतरली होती. पानावरच्या रकमांची बेरीज ते वरून खाली करत, मग तीच खालून वर. दोन्ही जुळल्या तरच पानाच्या तळाशी शाईने आकडा लिहायचा आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ म्हणून उतरवायचा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीच्या वहीत दोन-दोन रुपयांच्या वर्गण्या आहेत आणि त्यांचीही बेरीज दोनदा झालेली आहे.

कुणी विचारलं, “आबा, आमच्याकडून किती घेतलेत?” तर आकडा पाठ असला तरी ते म्हणत, “वही बघून सांगतो.” नात एकदा म्हणाली, “तुम्हाला आठवतंय की, मग बघता कशाला?” आबा म्हणाले, “पोरी, विसरलेला माणूस दुसऱ्याला विचारून घेतो. चुकीचं आठवणारा विचारतच नाही, तो शपथेवर सांगतो. मला विसरण्याची भीती नाही, चुकीचं आठवण्याची आहे.”

नात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जुळवायचा असं तिने ठरवलं. लोअर परळहून स्लो लोकल धरून ती ग्रँट रोडला उतरली आणि लॅमिंग्टन रोडवर गेली. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव असलं तरी सुटे भाग घ्यायला जाणारा प्रत्येक जण त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, कॅबिनेट सगळं तिने चार दुकानं फिरून पारखून घेतलं. रॅमची पाळी आली तेव्हा पैसे संपत आले होते.

एका लहानशा काउंटरवरच्या माणसाने एकाच पाकिटातल्या दोन साध्या, हिरव्या स्टिक पुढे केल्या. “दोन्ही एकाच किटमधल्या घ्या. मदरबोर्ड कंपनीच्या यादीत हे मॉडेल आहे का तेही बघून घ्या. घरी गेलात की रात्रभर टेस्ट लावा. एक जरी एरर आला तरी परत आणा, मी बदलून देईन.” पुढच्या दुकानात किंमत कमी होती. तिथे एक नवी, रंगीत दिव्यांची स्टिक होती आणि जोडीला जुन्या मशीनमधून काढलेली दुसरी. दुकानदाराने दोन्ही लावून दाखवल्या. मशीन सुरू झालं, पडद्यावर १६ जीबी उमटले. तिने त्या घेतल्या.

मशीन सुरू होणं ही रॅमची परीक्षाच नव्हे. ८ जीबीच्या एका स्टिकमध्ये जवळजवळ ६,९०० कोटी बिट असतात, म्हणजे शून्य किंवा एक धरून ठेवणारी तेवढी घरं. त्यातलं एखादं घर कच्चं असलं तरी कॉम्प्युटर खुशाल चालतो. त्या घरात काही महत्त्वाचं येऊन पडेपर्यंत कळत नाही. तिचंही तसंच झालं. मधूनच गेम बंद पडे, एकदा झिप फाइल उघडेना. तिने विंडोज पुन्हा टाकलं. रॅमवर संशय आलाच नाही. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच होतं. जे दिसतं त्यालाच आपण दोष देतो.

त्या वर्षी तिने आबांची वही कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली. साधी टेक्स्ट फाइल, आकडे देवनागरी. रोज संध्याकाळी फाइल उघडायची, नव्या पावत्या घालायच्या, सेव्ह करायची. दर रविवारी पेनड्राइव्हवर एक प्रत.

अनंत चतुर्दशीनंतर हिशेबाची बैठक बसली. नातीने कॉम्प्युटरवरची जमा वाचली. ती खर्च आणि हातातली शिल्लक यांच्या बेरजेपेक्षा ८०० रुपयांनी जास्त निघाली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “मग आठशे गेले कुठे?” एवढ्या वर्षांत आबांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी काही न बोलता वही उघडली आणि एकेका पानाची तळाची बेरीज वाचू लागले. नात पडद्यावर ताडून बघत होती. पाच पानं जुळली, सहावं जुळेना. चौदा नंबरच्या आजींची वर्गणी वहीत १५१ होती आणि पडद्यावर ९५१. आजी म्हणाल्या, “अगं बाई, माझ्या पेन्शनीत एवढे कुठून आणू?” लोकांचा जीव भांड्यात पडला, बैठक संपली.

नातीला झोप येईना. गणपती बसण्याआधी तिने यादीचा प्रिंट काढला होता, त्यात १५१ स्पष्ट होतं. म्हणजे टायपिंगची चूक नव्हती. पेनड्राइव्हवरच्या शेवटच्या तीन प्रतींत मात्र ९५१. बिघडलेला आकडा बॅकअपने तसाच इमानाने जपला होता.

मग तिने अक्षरांच्या संकेतांकांचा तक्ता काढला. कॉम्प्युटर ‘१’ हा अंक २४०७ या क्रमांकाने ओळखतो आणि ‘९’ हा २४१५ने. फरक आठाचा, म्हणजे नेमका एका बिटाचा. फाइल उघडली की मजकूर रॅममध्ये येतो आणि सेव्ह केली की तिथूनच परत लिहिला जातो. त्या मधल्या वेळात एक शून्य उलटून एक झालं तर आजींच्या वर्गणीचा १ सहज ९ होतो. २००३मध्ये ब्रसेल्समधल्या स्खारबेक इथे मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिसली होती. ती शक्य तेवढ्या मतांहूनही अधिक होती म्हणूनच लक्षात आली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, तोही एकच बिट. कुठेतरी एक बिट उलटला असावा, असाच निष्कर्ष तेव्हा निघाला.

तिने रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेतलं आणि मशीन त्यावरून सुरू केलं. तासाभरात पडद्यावर लाल ओळी आल्या. चुकलेला बिट दर वेळी तोच होता, आठ किमतीचा. एकेक स्टिक वेगळी लावून पाहिली तेव्हा दोष जुन्या स्टिकचा निघाला. शेजारचा मुलगा म्हणाला, “मला दे स्वस्तात, गेमपुरती चालेल.” तिने स्टिकवर मार्करने ‘बाद’ लिहिलं आणि ती कुणालाही दिली नाही.

सकाळी तिने आबांना सगळं सांगितलं. सर्व्हरमध्ये ईसीसी नावाची रॅम असते, तिच्यात साधारणपणे दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवलेले असतात. त्यांच्या आधारे एक बिट चुकला तर तो दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळतं. ती लावायची तर प्रोसेसर आणि बोर्ड दोन्हींना चालावी लागते. आबा म्हणाले, “म्हणजे पानाखालची बेरीजच की.” आपण चाळीस वर्षं काय करत होतो ते नव्याने कळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

तिचा बोर्ड ईसीसी चालवणारा नव्हता. ती त्याच लहानशा काउंटरवर गेली आणि एकाच पाकिटातल्या दोन साध्या स्टिक घेऊन आली. नंबर कंपनीच्या यादीत ताडला. वेग वाढवण्याची सेटिंग बंदच ठेवली. फाइलमध्येही दर पानाखाली आबांच्या वहीतली बेरीज घातली. रात्री टेस्ट लावून दोघं झोपली.

पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा आबा उठले. पडद्यावर चार फेऱ्या पूर्ण झालेल्या होत्या, एरर शून्य.

“नुसती वरून खाली तपासलीस?” त्यांनी विचारलं.

“नाही आबा. ही टेस्ट आधी खालच्या घरापासून वर जाते, मग वरच्या घरापासून खाली येते.”

आबांनी वही तिच्याकडे सरकवली. “मग लिही आता. चौदा नंबर, एकशे एक्कावन्न.”