मोजणीतलं मूल

रायपूरच्या मराठी घरांत नव्या जोडप्याला हल्ली सर्रास विचारतात, "मग, चान्स कधी घेताय?" पहिलं मूल असेल तर, "एकावरच थांबणार का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मूल म्हणजे आपण जमाखर्च मांडून घ्यायची किंवा सोडायची गोष्ट, हे त्या प्रश्नातच ठरून जातं. चार मुलांच्या आईमागे तर 'लेंढार' हा शब्द तयारच असतो.

ही भाषा आपोआप आलेली नाही. 'हम दो, हमारे दो' आणि लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगवून सरकारने ती आपल्याला शिकवली. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली, 1977 मध्ये लोकांनी मतपेटीतून राग काढला, आणि कुटुंबनियोजनाचं 'कुटुंबकल्याण' झालं. पाटी बदलली. 'लक्ष्य', 'प्रेरक', 'केस' हे शब्द दवाखान्यांत तसेच राहिले.

त्यांचा अर्थ आम्हाला 8 नोव्हेंबर 2014 रोजी कळला. इथून शंभरेक किलोमीटरवर, बिलासपूरजवळ पेंडारीत, बंद पडलेल्या एका खासगी रुग्णालयात नसबंदीचं शिबिर भरलं. एका डॉक्टरने काही तासांत 83 बायकांच्या दुर्बिणीने शस्त्रक्रिया केल्या. नियमाने एका पथकाला दिवसाला तीसच करता येतात. शस्त्रक्रियेनंतर बायकांना जमिनीवर निजवलं आणि त्याच दिवशी घरी धाडलं. मग उलट्या सुरू झाल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर तेरा जणी दगावल्या. दोष शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या गोळ्यांचा की जंतुसंसर्गाचा, यावर पुढे वाद झाला. मला मात्र दुसरीच गोष्ट अस्वस्थ करते. त्याच वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी त्या डॉक्टरांचा पन्नास हजार शस्त्रक्रियांबद्दल सरकारी सत्कार झाला होता. आकड्यांच्या भाषेत घाई हेच कर्तृत्व ठरतं. अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, हे सर्वोच्च न्यायालयाला 2016 मध्ये सांगावं लागलं.

सरकारी सक्तीचा हा धोका आमच्या कॅथलिक चर्चने आधीच ओळखला होता. पोप सहावे पॉल यांचं 'ह्युमाने विते' हे परिपत्र जुलै 1968 मधलं. कृत्रिम संततिनियमन नाकारल्याबद्दल त्याच्यावर झालेली टीका सगळ्यांच्या लक्षात आहे. ही साधनं सरकारच्या हाती पडली तर ती लोकांवर लादली जातील, हा त्यातला इशारा फारसा कुणाला आठवत नाही. आपल्याकडे तो आठ-नऊ वर्षांत खरा ठरला.

कॅथलिक म्हणून मला 'मूल ही देवाची देणगी' हे मनापासून पटतं. देणगी मोजून मागता येत नाही, नको म्हणून परतही करता येत नाही. पण हेच शब्द पाचव्या बाळंतपणाला टेकलेल्या, रक्त कमी असलेल्या बाईला नुसते ऐकवले की क्रूर होतात. मूल न झालेल्या जोडप्याला ते आणखी लागतात. केरळातल्या पाला धर्मप्रांताने 2021 मध्ये पाच किंवा अधिक मुलांच्या कुटुंबांना दरमहा मदत जाहीर केली. हेतू चांगला असेल, पण तीही मोजणीच. त्यापेक्षा जानेवारी 2015 मध्ये मनिलाहून परतताना पोप फ्रान्सिस जे बोलले ते मला जवळचं वाटतं: चांगल्या कॅथलिकांनी सशांसारखी पैदास करावी असं मुळीच नाही, पालकत्व जबाबदारीचं हवं.

छत्तीसगढी घरांत सातव्या महिन्यात सधौरी होते, गर्भारशीला आवडीचं खाऊ घालतात. जन्मानंतर छट्ठीला सुंठ-गुळाचं कांके पानी बाळंतिणीला पाजतात आणि आल्यागेल्याच्याही हाती देतात. त्या रिवाजांच्या भाषेत बाई दिसते. लक्ष्याच्या भाषेत ती दिसत नाही, आणि दुर्दैवाने आमच्या पुष्कळ प्रवचनांतही दिसत नाही.

आता वारं फिरलंय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगढचा जननदर एका बाईमागे 1.8 मुलांवर आला, आणि जास्त मुलं हवीत असं नेते बोलू लागले. हे ऐकायला चर्चसारखं वाटतं, म्हणून आम्ही खूश होऊ नये. आमच्या विवाहपूर्व शिबिरांत तरी नवऱ्या मुलाला थेट विचारलं जावं: दोन बाळंतपणांत अंतर किती ठेवणार, बायकोचं हिमोग्लोबिन किती आहे, रात्री रडणाऱ्या बाळाला कोण घेणार? उत्तर त्याने तिच्यासमोर द्यावं.