भोग कुणाचे?

रामकृष्ण परमहंस १८८६ साली घशाच्या कर्करोगाने गेले, रमण महर्षी १९५० साली हातावरच्या सार्कोमाने. भक्तांपैकी अनेकांनी अर्थ लावला की गुरूंनी दुसऱ्यांची पापे अंगावर घेतली. तोच रोग चाळीतल्या एखादीला झाला की ते तिचे 'भोग' ठरतात. उपचार संपतात, केस पुन्हा येतात, पण हा शिक्का पुसत नाही. रोग संसर्गाचा नसूनही ताटवाटी वेगळी होते. मुलीचे लग्न जमेपर्यंत आईचे ऑपरेशन लपवून ठेवतात. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, पण हे घरात बोलायची सोय नसते. 'बरी झालीस ना आता?' म्हणून विषय मिटतो.

हे सगळे कर्मसिद्धांतातूनच येते, असे मानायचे कारण नाही. संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की सगळे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते का. बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी कारणे मोजत जातो. कर्मविपाक येतो आठवा, शेवटचा. सगळे दैवानेच ठरलेले असते तर औषधाला अर्थच उरला नसता, हे चरकालाही दिसले होते. पेशी विभागताना डीएनएची नक्कल कधी चुकते, एवढेच कर्करोगाचे कारण पुष्कळदा असते. मग तंबाखू, मिश्री यांचे काय? तिथे तर करणी आणि फळ यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. खरे आहे, पण कारण सांगणे वेगळे आणि दोष देणे वेगळे. कारण कळले तर पुढची पुडी टळू शकते. दोष दिला की माणूस ती लपून खातो आणि डॉक्टरांशीही खोटे बोलतो.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसराच आहे. 'माझे भोग होते, सरले,' असे म्हणून कित्येकांना खरोखर बळ येते; ते काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? कोणीच नाही. पण हे वाक्य प्रथम पुरुषातच शोभते. 'माझे'च्या जागी 'तिचे' आले की धीराचा निवाडा होतो. हल्लीचे 'पॉझिटिव्ह राहा' मला त्याच जातीचे वाटते. सल्ला प्रेमाचा असतो, पण रोग उलटला तर मन खंबीर न ठेवल्याचा ठपकाही तिच्याच माथी येतो, आणि यावेळी मागच्या जन्माची आडही उरत नाही.