नळीचा तळ

हत्यार चांगल्या स्थितींत ठेवणें हा सद्गुण आहे, कीं ती नुसती एक सवय आहे? प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या हत्यारानें जीव घ्यावयाचा त्याच्याविषयीं तो विचारला, म्हणजे उत्तर तितकें सोपें राहत नाहीं. शिकारीची ठासणीची बंदूक घेऊन याचा विचार करूं.

ही बंदूक आपल्याकडे जुनी आहे. चाकणच्या संग्रामदुर्गानें १६६० सालीं शाएस्ताखानाच्या फौजेला सुमारें दोन महिने थोपवून धरलें, तेव्हांच्या तोड्याच्या बंदुकाही तोंडाकडूनच भरल्या जात. पुढें तोडा गेला, चकमक आली, चकमक जाऊन टोपी आली. पण तोंडांतून दारू ओतावयाची, वर गोळी सोडावयाची आणि गजानें ठासावयाची, ही रीत बदलली नाहीं. कोकणांत शेताच्या राखणीसाठीं परवान्यावर ठेवलेल्या अशा बंदुका अजूनही शेतकऱ्यांच्या घरीं आढळतात.

हिची दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचें मिश्रण. प्रमाण साधारणपणें पंचाहत्तर, पंधरा व दहा. ती जळली म्हणजे सर्वच वायुरूप होते असें नाहीं. वजनानें निम्म्याहून अधिक भाग घनच राहतो. कांहीं धुराबरोबर बाहेर पडतो, कांहीं नळीला आंतून चिकटतो. या काजळींतले क्षार हवेंतली ओल ओढून घेतात, आणि पावसाळ्यांत तर एका रात्रींत लोखंडावर तांब धरूं लागते. नुसत्या तेलानें हे क्षार विरघळत नाहींत. त्यांना पाणीच लागतें. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशीं नळी धुतली पाहिजे. आधीं गज आंत सोडून, त्यावरच्या खुणेवरून, बंदूक रिकामी असल्याची खात्री करावयाची. मग कढत पाणी, गजाला गुंडाळलेलें फडकें, पुन्हां पाणी, पुन्हां फडकें. तें स्वच्छ बाहेर येऊं लागलें कीं नळी पूर्ण कोरडी करावयाची, आणि शेवटीं तेलाचा हात. रायफलीच्या नळींत मळसूत्री खाचा असतात. तेथें अधिकच चिकाटी लागते.

आतां यांतली खरी अडचण पाहा. या नळीचा तळ बंद असतो. एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाचा उजेड पाहतां येत नाहीं. तळाशीं कितपत मळ उरला, याची साक्ष फडकें काय देईल तेवढीच. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत यंत्राचा भाग तयार झाला म्हणजे तो मापाला लावून तपासतात. करणारा चुकला तरी तपासणारा असतो. घरीं ओसरीवर बसून नळी धुणाऱ्याला तपासनीस नाहीं. त्यानें दोन फडकीं कमी फिरविलीं, तर त्या रात्रीं तें कोणालाच कळणार नाहीं.

कळतें तें पुढें, आणि तेंही दुसऱ्यालाच आधीं. तांबेनें खडबडीत झालेल्या नळींतून सुटलेली गोळी नेम सोडते. टोपीची ठिणगी ज्या बारीक छिद्रांतून आंत जाते तें तुंबलें, तर बार उशिरां होतो किंवा होतच नाहीं. मग रानडुक्कर ठार होण्याऐवजीं पोटांत गोळी घेऊन जाळींत शिरतें आणि तेथें तडफडत मरतें. आळस माणसानें केला. त्याचें देणें जनावरानें फेडलें. म्हणून नळी धुणें हें बंदुकीविषयींचें कर्तव्य नव्हे. जें जनावर अजून दृष्टीसही पडलेलें नाहीं, त्याच्याविषयींचें तें कर्तव्य आहे.

यावर कोणी म्हणेल, चोरही आपलीं हत्यारें घासूनपुसून ठेवतो. तेवढ्यानें तो सज्जन ठरतो काय? आक्षेप रास्त आहे. निगा राखल्यानें कृत्य शुद्ध होत नाहीं. हौसेची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंद झाली, आणि नळी आरशासारखी लखलखीत असली म्हणून कोणाला रानांत जाऊन जीव घेण्याचा अधिकार येत नाहीं. परंतु उभ्या पिकाची नासाडी होते म्हणून रीतसर परवानगीनें जेथें जनावर मारावें लागतें, तेथें प्रश्न निराळा होतो. मारावें कीं मारूं नये, याचा निर्णय कायदा व गरज यांनीं केला. कसें मारावें, हा भाग मात्र अजून त्या एकट्या माणसाच्या हातीं उरला आहे. गरजेनें मृत्यूची परवानगी दिली असेल, यातनांची दिलेली नाहीं.

परवाना देणारा अधिकारी बंदूक पाहील, कागद पाहील. नळीचा तळ तो पाहूं शकत नाहीं. तेथपर्यंत पोंचतें तें फक्त धुणाऱ्याच्या हातांतलें फडकें, आणि तें आणखी एकदां फिरवावें कीं नाहीं, हें त्यानेंच ठरवावयाचें असतें.